महानगरातील नाट्यगृहे आणि प्रयोगाचा अवकाश : मुंबईच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या समीक्षेत नाटककार, संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या तुलनेत नाटक ज्या वास्तूत घडते त्या वास्तूचा विचार अल्प झाला आहे. नाट्यगृहाविषयीची माहिती सामान्यतः मार्गदर्शिकांमध्ये सापडते. मुंबईसारख्या महानगरातील नाट्यगृहांची सूची करताना नाव, पत्ता, जवळचे रेल्वे स्थानक, आसनसंख्या, वातानुकूलन आणि भाडे एवढ्या गोष्टी नोंदविल्या जातात. नाटक पाहू इच्छिणाऱ्याला त्या उपयुक्त असतात. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ही सूची अपुरी ठरते. एखादे नाट्यगृह कोणी, कोठे, केव्हा व कोणासाठी उभारले; त्याच्या रंगमंचाच्या आकाराने कोणत्या नाट्यप्रकाराला वाव दिला आणि कोणत्या प्रकाराला दाराबाहेर ठेवले, हे प्रश्न सूची विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात मुंबईतील प्रमुख नाट्यगृहांचा व प्रयोगस्थळांचा आढावा या प्रश्नांच्या अनुषंगाने घेतला आहे. हा आढावा जालना जिल्ह्यासारख्या, महानगरापासून दूर असलेल्या प्रदेशातील रंगभूमीच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नाट्यगृह उभारताना महानगरातील मोठ्या नाट्यगृहाचा आदर्श गृहीत धरला जातो. हा आदर्श कितपत योग्य आहे, याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

नाट्यगृहांचा नकाशा आणि प्रेक्षकांचा वर्ग

मुंबईतील नाट्यगृहांचा इतिहास इंग्रजांच्या करमणुकीपासून सुरू होतो. आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिसरात १७७६ मध्ये बॉम्बे थिएटर उभे राहिले. ते गोऱ्या रहिवाशांसाठी होते. १८४६ मध्ये ग्रँट रोड येथे नवे नाट्यगृह उघडले. त्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली होती. कोटाच्या आतील रंगमंच कोटाबाहेर, एतद्देशीयांच्या वस्तीजवळ आला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते. १८५३ मध्ये त्यांच्या मंडळीने ग्रँट रोडच्या या नाट्यगृहात प्रयोग केले. सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने जन्मलेले मराठी नाटक तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसमोर उभे राहिले, ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे होणारा हा प्रवास एका वास्तूच्या उपलब्धतेमुळे शक्य झाला, याकडे मात्र पुरेसे लक्ष वेधले गेलेले नाही.

पुढील काळात पारशी रंगभूमीने नाट्यगृह हा एक व्यवसाय बनविला. गिरगावाजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या भारतभेटीच्या वेळी झाले. युरोपीय धर्तीवरील या वास्तूत पुढे बालगंधर्वांचे गायनही घुमले. चित्रपटगृह म्हणून अनेक वर्षे चाललेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुली झाली.

याच कालखंडात परळ येथे वेगळ्या प्रकारचे नाट्यगृह उभे राहिले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातील दामोदर ठाकरसी मूळजी सभागृह म्हणजेच ‘दामोदर हॉल’, १९२२ पासून गिरणगावातील कामगारांचे सांस्कृतिक केंद्र बनले. कोकणातून आलेले कामगार आपल्या गावाकडील मंडळींसह येथे नाटके बसवीत. दिवसपाळी व रात्रपाळी सांभाळून तालमी करणाऱ्या या नटांचा व त्यांच्या प्रेक्षकांचा नाट्येतिहासात फारसा उल्लेख येत नाही. गिरगाव व दादर येथील नाटक हेच मुंबईचे मराठी नाटक, असे समीकरण त्यामुळे रूढ झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, अल्पावधीत तीन महत्त्वाची नाट्यगृहे मुंबईला मिळाली. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह १९६४ मध्ये उभे राहिले, त्याला डॉ. अ. ना. भालेराव यांचे नाव देण्यात आले. त्याच सुमारास प्रभादेवी येथे राज्य शासनाचे रवींद्र नाट्यमंदिर सुरू झाले. १९६५ मध्ये दादर येथे श्री शिवाजी मंदिर नाट्यगृह खुले झाले. यांपैकी शिवाजी मंदिर हे व्यावसायिक नाटकाचे केंद्र बनले, त्यामागे एक साधे भौगोलिक कारण आहे. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरील गाड्या दादरला थांबतात. कल्याणचा आणि बोरिवलीचा प्रेक्षक एकाच नाट्यगृहात येऊ शकतो आणि प्रयोग संपल्यावर शेवटच्या गाडीने घरी जाऊ शकतो.

पुढे घरांच्या वाढत्या किमतींमुळे मराठी मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकला आणि नाट्यगृहे त्याच्यामागून गेली. ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मुलुंडचे महाकवी कालिदास, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, वाशीचे विष्णुदास भावे, कल्याणचे आचार्य अत्रे, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले अशी नाट्यगृहे झाली. ती बहुतांशी महानगरपालिकांनी उभारली. ही नावे नकाशावर कालक्रमाने मांडली, तर मराठी मध्यमवर्गाच्या स्थलांतराचा मार्गच समोर येतो.

गिरणगावातील प्रेक्षकांच्या बाबतीत याच्या उलट घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार वस्ती विरळ झाली. लालबागच्या न्यू हनुमान थिएटरसारखी तमाशाची हक्काची जागा गेली. दामोदर सभागृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद करण्यात आले, तेव्हा रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. मध्यमवर्ग जेथे गेला तेथे त्याच्यासाठी नाट्यगृह बांधले गेले. कामगार वर्ग जेथे फेकला गेला तेथे त्याचे नाट्यगृह त्याच्यामागून गेले नाही.

रंगमंचाचा आकार आणि नाटकाचा आकार

वर उल्लेखिलेल्या बहुतेक नाट्यगृहांची रचना समान आहे. समोर चौकटीत बसविलेला उंच रंगमंच, दोन्ही बाजूंना विंगा, पुढे पडदा आणि अंधारात एकाच दिशेला तोंड करून बसलेले सुमारे सातशे ते हजार प्रेक्षक. ही चित्रचौकट रचना युरोपातून आली. तिने मराठी नाटकाला बरेच काही दिले, हे नाकारता येत नाही. संगीत नाटकातील रंगविलेले पडदे, नंतरच्या वास्तववादी नाटकातील दिवाणखाना, प्रकाशयोजनेतील बारकावे हे सर्व या चौकटीमुळे शक्य झाले. मध्यमवर्गीय कुटुंबातील संघर्ष मांडणाऱ्या नाटकाला ही रचना सोयीची होती. घराची चौथी भिंत काढून आतील व्यवहार पाहावा, तसा प्रेक्षक ते नाटक पाहू शकला.

तथापि रचनेच्या या सोयीचे हळूहळू बंधनात रूपांतर झाले. लोकनाट्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तमाशात प्रेक्षक तीन बाजूंनी बसलेला असतो. सोंगाड्या त्याच्याशी थेट बोलतो, त्याच्या उत्तरावर पुढचे वाक्य रचतो. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ किंवा शाहीर साबळे यांचे ‘यमराज्यात एक रात्र’ ही नाटके चौकटीच्या रंगमंचावर आली आणि लोकप्रियही झाली. दादा कोंडके यांच्यासारखा हजरजबाबी नट असल्यास विंगेपासून शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर मिटू शकते, हे ‘विच्छा’च्या यशाने दाखविले. परंतु हे यश नटाच्या असामान्य सामर्थ्याचे होते. वास्तूने त्याला साहाय्य केले नाही. वास्तूवर त्याला मात करावी लागली.

आर्थिक बाजूही रचनेशी निगडित आहे. हजार आसनांच्या नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याची ने-आण आणि जाहिरात यांचा खर्च भागविण्यासाठी हजार प्रेक्षकांना रुचेल असेच नाटक निर्मात्याला निवडावे लागते. शनिवार-रविवारच्या तारखा ज्याला मिळतात, त्याचे नाटक चालते. तारखांच्या वाटपातून कोणते नाटक जगेल हे अंशतः ठरते, असे म्हणण्यास जागा आहे. मुंबईच्या नाट्यव्यवसायात ‘तारीख’ हा शब्द जेवढा वारंवार उच्चारला जातो, तेवढा क्वचितच दुसरा कोणता शब्द उच्चारला जात असेल.

१९७८ मध्ये जुहू येथे सुरू झालेले पृथ्वी थिएटर हा या रचनेला मिळालेला महत्त्वपूर्ण पर्याय होय. सुमारे दोनशे आसनांच्या या नाट्यगृहात रंगमंच पुढे आलेला आहे आणि प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. जी. पी. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने या नाट्यगृहाचा प्रारंभ झाला. एका प्राध्यापकाच्या चौकशीभोवती फिरणारे हे वैचारिक नाटक हजार आसनांच्या सभागृहासाठी नव्हते. आठवड्यातून अनेक दिवस प्रयोग आणि मर्यादित आसनसंख्या या धोरणामुळे ‘पृथ्वी’ने नाटकाचे अर्थकारणच बदलले. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रानेही १९८० मधील टाटा थिएटरनंतर १९८६ मध्ये आसनांची मांडणी बदलता येईल असे प्रायोगिक नाट्यगृह उभारले. अलीकडे, ३१ मार्च २०२३ रोजी, वांद्रे-कुर्ला संकुलात नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाले. त्यात दोन हजार आसनांच्या भव्य प्रेक्षागृहासोबत अडीचशे आणि सव्वाशे आसनांची दोन लहान नाट्यगृहेही आहेत. मोठ्या भांडवलालाही लहान जागेची गरज मान्य करावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे. तथापि अशा केंद्रातील तिकिटाचे दर आणि तेथील वातावरण पाहता परळ-लालबागचा पूर्वीचा प्रेक्षक तेथे पोहोचणे कठीण आहे. आसने कमी केल्याने जागा आपोआप लोकाभिमुख होत नाही.

उसन्या जागेतील रंगभूमी

मुंबईच्या नाट्यगृहांच्या कोणत्याही सूचीत मूळतः स्थान नसलेली एक जागा मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची ठरली. दादरची छबिलदास शाळा ही ती जागा होय. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृतींच्या ‘रंगायन’ने १९६० पासून प्रायोगिक नाटकाचा पाया घातला होता. त्या काळात भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस यांसारख्या जागा तालमींसाठी व छोट्या प्रयोगांसाठी उपयोगी पडल्या. इब्राहिम अल्काझी यांनी तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर प्रयोग केले. ‘रंगायन’मधून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ची स्थापना केली आणि १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले.

हे सभागृह नाटकासाठी बांधलेले नव्हते. रंगमंच बेताचा, उजेडाची व्यवस्था तात्पुरती, खाली रस्त्यावरचा बाजार आणि त्याचा आवाज. प्रेक्षक दोनशेच्या आसपास. तरीही, किंबहुना त्यामुळेच, येथे नाटकाचा आकार बदलला. बादल सरकार यांच्या ‘जुलूस’सारख्या, प्रेक्षकांमध्ये मिसळून खेळल्या जाणाऱ्या नाटकाला येथे जागा मिळाली. पुण्याच्या संस्था आपली नाटके घेऊन येथे आल्या. ‘आविष्कार’ने सभागृह केवळ स्वतःसाठी न ठेवता इतर संस्थांनाही खुले केले, म्हणून ‘छबिलदास’ हे चळवळीचे नाव झाले. नाट्यगृहाच्या भाड्याचा भार नसल्यामुळे नाटक अयशस्वी होण्याची मुभा कलावंताला मिळाली. प्रायोगिकतेसाठी ही मुभा अत्यावश्यक असते.

या चळवळीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा प्रेक्षकांची. छबिलदासचा प्रेक्षक प्रामुख्याने शिक्षित मध्यमवर्गीय होता. त्याच दादरपासून जवळच असलेल्या परळ-लालबागमधील कामगार प्रेक्षक या सभागृहात फारसा आला नाही. दुसरी मर्यादा जागेच्या मालकीची. शाळेची जागा ही उसनी जागा होती; ती सोडावी लागली आणि १९९० नंतरच्या काळात ‘आविष्कार’ला माहीमच्या महापालिका शाळेत स्थलांतर करावे लागले. संस्थाचालकांच्या सद्भावनेवर अवलंबून असलेली रंगभूमी त्या सद्भावनेच्या मुदतीपुरतीच टिकते.

येथे तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचा उल्लेख प्रस्तुत ठरेल. मुंबईची एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावातील सभागृहात येते आणि प्रयोगाआधी वेळ घालविण्यासाठी एका अभिरूप खटल्याचा खेळ मांडते, अशी या नाटकाची रचना आहे. आधुनिक मराठी रंगभूमीचे हे युगप्रवर्तक नाटक घडते ते महानगराच्या नाट्यगृहात नव्हे, तर गावातील एका साध्या सभागृहात. मात्र त्या सभागृहाच्या गावातील बहुतेक माणसांना नाटकात प्रेक्षक म्हणून उशिरा येण्याचेच स्थान आहे. शहराने नाटक न्यावे आणि गावाने पाहावे, हा संबंध त्या काळात इतका स्वाभाविक मानला गेला होता की त्याची स्वतंत्र चर्चा झाली नाही.

कायद्याने केलेला भेद

बंदिस्त नाट्यगृह आणि उघडे मैदान यांत समीक्षेने जसा भेद केला, तसा कायद्यानेही केला आहे. मुंबईच्या सांस्कृतिक जीवनात परळचे कामगार मैदान, चाळींची पटांगणे, गणेशोत्सवाचे व आंबेडकर जयंतीचे मंडप यांचे स्थान मोठे आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच जागा गाजविल्या. नाट्यगृहांच्या सूचीत अशा जागा येत नाहीत. कारण त्यांना आसनक्रमांक नसतो.

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिवर्धकाच्या वापरास मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त वास्तूंना मात्र तीतून वगळण्यात आले आहे. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांच्या दृष्टीने हा नियम आवश्यकच आहे. तथापि त्याचा एक सांस्कृतिक परिणाम झाला. रात्रभर चालणाऱ्या तमाशाच्या फडाची, जागरण-गोंधळाची आणि जलशाची रात्र आखूड झाली; बंदिस्त नाट्यगृहातील रात्रीचा प्रयोग अबाधित राहिला. ज्या कलांना छप्पर मिळाले नव्हते त्यांचाच वेळही गेला. म्हणूनच ग्रामीण भागात प्रयोगासाठी बंदिस्त जागा उपलब्ध करून देणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही.

जालन्याच्या संदर्भात

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीखाली होता. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. सांगलीत भाव्यांना राजाश्रय मिळाला. मराठवाड्यातील मराठी नाटकाला असा आश्रय लाभला नाही. उलट सार्वजनिक सभा-समारंभांसाठी पूर्वपरवानगीची सक्ती होती. त्यामुळे येथील प्रयोगकला देवळाचा सभामंडप, गावचा पार, जत्रेतील राहुटी आणि वस्तीतील जयंतीचा मंडप यांच्या आधाराने जगली. कीर्तन, भारूड, गोंधळ, पोतराजाचा खेळ, आंबेडकरी जलसा या सर्वांमध्ये प्रेक्षक कलावंताच्या भोवती असतो, ही बाब येथे पुन्हा लक्षात घ्यावी लागते. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवासारखी परंपराही मोठ्या प्रेक्षागृहाशिवाय दीर्घकाळ टिकून राहिली आहे.

मराठवाड्यात शैक्षणिक संस्थेने रंगमंचाची उणीव भरून काढल्याचे एक ठळक उदाहरण आहे. प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत सादर झाले आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगी विशाल जनसमुदायासमोर त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीच्या वाटचालीत या नाटकाचे स्थान आद्य आहे. त्याचा प्रारंभ महाविद्यालयात झाला, कोणत्याही व्यावसायिक नाट्यगृहात नव्हे. पुढे औरंगाबादच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाने आणि ‘जिगीषा’सारख्या संस्थेने नवे रंगकर्मी घडविले. परंतु प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांच्यासह ‘जिगीषा’ला अखेर मुंबईची वाट धरावी लागली. नाट्यगृह, तारखा आणि प्रेक्षक यांची साखळी जेथे आहे तेथेच कलावंताला उपजीविका मिळते, हे त्यामागचे वास्तव आहे.

या पार्श्वभूमीवर घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थ येथील नाट्यकर्मींचे कार्य अभ्यसनीय ठरते. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावातील शेतकरी नाटककार राजकुमार तांगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातच नाटक उभे केले. मकरंद साठे लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘दलपतसिंग येती गावा’ हे माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावरील नाटक याच परिसरातील कलावंतांनी सादर केले. २०१२ मध्ये रंगमंचावर आलेले, संभाजी भगत यांची संकल्पना, तांगडे यांचे लेखन आणि नंदू माधव यांचे दिग्दर्शन असलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत गाजले.

या नाटकाची घडण जागेच्या दृष्टीने पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. शीर्षकातील भीमनगर मोहल्ला ही केवळ घटनास्थळाची सूचना नाही. ती मूळची प्रयोगभूमी आहे. वस्तीतील चौक, जयंतीची तयारी, तेथील वाद आणि गाणी हेच नाटकाचे द्रव्य आहे. शिवाजी महाराजांच्या विचारांचा खरा वारस कोण, हा प्रश्न शाहिरी गायन, यमासारखे लोकनाट्यातील परिचित पात्र आणि थेट प्रेक्षकांना उद्देशून बोलणे यांतून मांडला जातो. बोली जालना परिसराची आहे. दिवाणखान्याची गरज नसल्यामुळे नेपथ्याचा भार नाही. याचा अर्थ असा की, गावातील जागेच्या अभावातून जी काटकसरीची शैली घडली तीच महानगरात या नाटकाची शक्ती ठरली. महानगराच्या नाट्यगृहाने हे नाटक घडविले नाही. घडलेल्या नाटकाला त्याने प्रेक्षक मिळवून दिले. हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जालन्याच्या बोलीतील नाटक जालन्याच्या प्रेक्षकाला आठही तालुक्यांत सातत्याने पाहता येईल अशी व्यवस्था आहे काय? दौऱ्यावर आलेले नाटक एका रात्रीचे असते. त्यातून प्रेक्षक घडत नाही.

जालना शहरातील नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव आहे. संगीत रंगभूमीच्या वैभवकाळाची ती स्मृती उचितच आहे. राज्य नाट्य स्पर्धेसारख्या उपक्रमांना आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या नाटकांना अशा प्रेक्षागृहाची आवश्यकता असते, हेही मान्य करावे लागेल. मोठ्या आसनसंख्येशिवाय दौऱ्यावरील नाटकाचा खर्च निघत नाही. परंतु अशी एकच वास्तू संपूर्ण जिल्ह्याची गरज भागवू शकत नाही. देखभालीचा खर्च मोठा असल्याने मोठे नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद पडले की त्या शहराची रंगभूमीच थांबते, असा अनुभव राज्यातील अनेक शहरांनी घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर नूतनीकरणासाठी दीर्घकाळ बंद होते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. मुंबईत एक नाट्यगृह बंद झाले तर दुसरे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरे नसते.

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या सर्व तालुक्यांत शाळा-महाविद्यालयांची सभागृहे आहेत. स्नेहसंमेलन, निरोप समारंभ आणि परीक्षा यांपलीकडे त्यांचा उपयोग फारसा होत नाही. छबिलदास शाळेच्या सभागृहापेक्षा त्यांतील अनेक सभागृहे प्रशस्त आहेत. सायंकाळनंतर ठरावीक दिवशी ती स्थानिक नाट्यसंस्थांना लेखी कराराने, नाममात्र भाड्यात उपलब्ध करून दिली. प्रकाशयोजनेची मूलभूत सामग्री तालुक्यागणिक एक याप्रमाणे दिली. आसने हलविता येतील अशी ठेवली, तर नवीन बांधकामाशिवाय आठ प्रयोगस्थळे निर्माण होऊ शकतात. लेखी कराराचा आग्रह येथे हेतुपुरस्सर धरला आहे. मुंबईतील उसन्या जागेच्या अनुभवातून घ्यावयाचा तो सर्वांत व्यावहारिक धडा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) मुंबईतील नाट्यगृहांची सूची कालक्रमाने वाचली असता ती प्रेक्षकवर्गाच्या स्थलांतराचा आलेख ठरते. मध्यमवर्गामागून नाट्यगृह गेले. कामगार वर्गाची मात्र असलेली प्रयोगस्थळेही नष्ट होत गेली.

२) चित्रचौकट रंगमंचाने वास्तववादी कौटुंबिक नाटकाला बळ दिले, लोकनाट्य, जलसा यांसारख्या प्रकारांना मात्र त्या चौकटीवर मात करून आपले अस्तित्व दाखवावे लागले.

३) मराठी प्रायोगिक रंगभूमीचे सर्वांत फलदायी केंद्र नाट्यगृह म्हणून बांधलेलेच नव्हते. ते एका शाळेचे सभागृह होते. जागेवर कायमचा हक्क नसणे ही त्याची सर्वांत मोठी दुर्बलता होती.

४) बंदिस्त आणि उघड्या जागांत कायद्याने केलेल्या भेदामुळे छप्पर नसलेल्या कलांची प्रयोगवेळ संकुचित झाली आहे.

५) जालना जिल्ह्यातील रंगकर्मींनी अल्प साधनांतून स्वतंत्र नाट्यशैली घडविली आहे. त्यांची गरज महानगरी नाट्यगृहाच्या प्रतिकृतीची नाही. तालुकापातळीवर नियमित, लहान आणि हक्काची जागा मिळणे ही त्यांची खरी गरज आहे.

जालना नगरपालिकेचे २०२३ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले आहे. महानगरपालिका झालेल्या शहराने मोठ्या प्रेक्षागृहाची आकांक्षा बाळगणे स्वाभाविक आहे. त्या आकांक्षेसोबत तालुक्यांतील शाळांच्या कुलूपबंद सभागृहांचाही विचार व्हावा. त्यांच्या किल्ल्या संध्याकाळी कोणाकडे असतात, हा प्रश्न शिक्षणसंस्थांनी आणि प्रशासनाने विचारात घेतला, तर जांबसमर्थसारख्या गावातून येणाऱ्या पुढच्या नाटककाराला आपले नाटक प्रथम आपल्याच माणसांसमोर, सलग काही प्रयोग करून तपासून पाहता येईल.